उसन्या नावाचा आगवाला

डोळा लागता लागता इस्माईल पावसकर फायद्याची मोजदाद करतो. धाकट्या दाऊदला आपल्या जागी लढाऊ बोटीवर धाडून त्याला मिळणार होतं ते थोडंथोडकं नव्हतं: नवी नवरी, गोदीत रंग द्यायचं जमिनीवरचं काम, आणि सुट्टीला हर्णैच्या घरी आलं की दुपारी अशी पाठ टेकायला सतरंजी. भरतीच्या दिवशी सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, नाव इस्माईलचंच पुकारलं होतं. इस्माईलने आपल्या नावाचा खलाशी दाखला गुपचूप भावाच्या खिशात सरकवला. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या आगवाल्याचं तोंड कोणता साहेब निरखून बघतो?

शिवाय बोट त्याने पाहिली होती. मुंबईच्या गोदीत त्यानेच तिला रंग दिला होता. चिलखती क्रूझर, अंगावर सहा इंच पोलादाचा पट्टा. त्यावर बोटं वाजवून त्याने दाऊदला सांगितलं होतं की इतकी भक्कम भिंत आपल्या घरालाही नाही.

ती बोट बुडून दीड वर्ष झालं.

सतरंजी पाठीखाली तापत जाते. स्वयंपाकघरात त्याची बायको रुकय्या भाताचं भांडं उतरवते, आणि चुलीच्या जागी भट्टीचं दार उघडं आहे. समोर दाऊद, कमरेला फडकं, हातात फावडं.

"भाई, अजून तोंड उघडं टाकून झोपतोस," तो म्हणतो. "कोळसा जाईल आत."

इस्माईल दुसरं फावडं उचलतो. त्याला एकच गोष्ट विचारायची आहे, म्हणून तो बाकीचं सगळं विचारतो: जेवण कसं होतं, बोटीवरचा सारंग तापट होता का, गोरे आगवाले बोलायचे का. दाऊद हसत उत्तरं देतो. मग पट्ट्याचा विषय तोच काढतो.

"पट्टा कुठे बांधतात, भाई?"

"कमरेला."

"तेवढाच होता. डोकं उघडं, पाय उघडे."

तो समजावून सांगतो, थोरल्याला धाकटा समजावतो तसं, जरा मजा घेत. सगळीकडे जाड पोलाद लावलं तर बोट जड होते, मग पळत नाही. आणि ही तर मोठ्या बोटींपुढून पळायला आणि लहान बोटींना गाठायलाच बांधलेली. म्हणून पोलाद कमरेपुरतं, आणि आतून दोन्ही अंगांना कोळसा रचलेला. आत घुसलेला गोळा कोळशात रुतावा, असा साहेबाचा बेत. आता तोच कोळसा जाळल्याशिवाय बोट पळायची नाही. लढाईच्या दिवशी पहाटेपासून पळत होते. दुपारपर्यंत ती कोळशाची भिंत त्यांनीच भट्टीत घातली होती.

इस्माईल बाजूला बघतो. ते आपल्याच परसातल्या कुंपणाचा गडगा उपसतायत, चिरा न् चिरा, आणि गडग्यापलीकडे समुद्र धडका देतोय. हात थांबत नाहीत.

"माझ्यावर राग धरून गेलास का रे?" तो शेवटी विचारतो.

"राग कसला?" दाऊद फावडं टेकवतो. "गोळा आला तेव्हा सगळा धूर झाला. वर शिडीवरून सारंग हाका मारत होता, इस्माईल, वर ये, इस्माईल. रोज हजेरीला त्या नावाला ओ द्यायचो मी. पण त्या वेळी डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, भाई आलाय. बरं वाटलं. तुझ्यासाठी थांबलो."

इस्माईल त्याला हाक मारायला तोंड उघडतो, खऱ्या नावाने.

जाग येते. ऊन उंबऱ्याला लागलंय. रुकय्या पाण्याचा तांब्या पुढे करते आणि त्याला तो धरवत नाही. दोन्ही तळव्यांवर पाण्याने टरारलेला एकेक फोड आहे. रंगाचा ब्रश धरून असे फोड येत नाहीत. कुठे भाजलं, ती विचारते. तो हात मिटून घेतो.

नवरी इस्माईलला मिळाली, घर इस्माईलला मिळालं, साहेबाच्या यादीतलं मरणसुद्धा इस्माईलच्याच नावावर पडलं. किंमत भरली सगळी दाऊदने. इस्माईलला पडले हे दोन फोड, आणि तेही आठवड्याभरात बसतील.