धोंड्याच्या दिवशी पेनल्टी

मी हायस्कूलच्या फुटबॉल टीममध्ये तीन वर्षं होतो आणि त्या तीन वर्षांत माझ्या पायाला एकदाही चेंडू लागला नाही. मी राखीव खेळाडू होतो. (कपड्यांना चिखल लागत नसल्यामुळे आई मात्र माझ्या खेळावर खूश असे!)

हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण जावई मिळाले पुण्याचे, कॉलेजच्या टीमचे गोलकीपर! साखरपुड्यातच त्यांनी विचारलं, "बाबा, तुम्ही कुठे खेळायचात?" आणि माझी जीभ घसरली.

"सेंटर फॉरवर्ड!"

तेव्हापासून जावई माझ्याकडे इतक्या आदराने बघत, की बायकोलाही माझ्याविषयी शंका येऊ लागली.

यंदा अधिक महिना आला, म्हणून जावयांना धोंड्याच्या जेवणाला केडगावला बोलावलं. नेमके त्याच दिवशी माझ्या टीममधले दोघे चाळीस वर्षांनी दारात उभे! नेवाशाचा बबन आणि शिंगणापूरला पूजासाहित्याचं दुकान चालवणारा दिनू. (जुन्या टीमचा मोबाईलवर ग्रुप निघाला होता आणि त्यात पत्ता टाकायची अवदसा मलाच आठवली होती.) मिठी मारायच्या निमित्ताने मी दोघांना फाटकातच गाठलं.

"जावयासमोर मी सेंटर फॉरवर्ड होतो. कळलं?"

"तू?" बबन किंचाळला.

"हळू बोल! माझी अब्रू तुमच्या हातात आहे."

"दोस्तासाठी कायबी!" दिनूने छातीवर हात ठेवला.

त्यांनी गप्प बसावं, एवढंच मला हवं होतं. पण पहिला धोंडा पोटात जाताच बबन सुटला.

"जावईबापू, तुमचा सासरा लई डेंजर मानूस! ह्यानं हानलेला चेंडू आमी दिसभर हुडकत हुतो."

"येकदा तर गोलकीपर चेंडूसकट जाळीत गेल्ता," दिनू म्हणाला. "उचलून दवाखान्यात न्यावा लागला!"

मी डोळे वटारले, तर त्या गाढवाने मला आणखी तूप वाढलं. जावई ताटावरून उठलेच.

"बाबा, गाडीत चेंडू आहे. एक पेनल्टी माराच!"

"अहो, धोंड्याच्या दिवशी जावयाला चेंडू मारतात का कुणी?" बायको ओरडली. संसारात पहिल्यांदाच मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण माझ्या हितचिंतकांनी तोवर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर दोन खुर्च्या ठेवून गोल तयारही केला होता!

पोटात सहा धोंडे घेऊन मी चेंडूसमोर उभा राहिलो.

"हान, सुऱ्या!" बबन माझ्या नावाने ओरडला.

"अहो, हळू!"

मी डोळे मिटून लाथ मारली. माझी चप्पल सुसाट गोलाकडे गेली. जावयांनी झेप घेतली आणि ती छातीवर झेलली!

"अहो, जावयाला चप्पल मारलीत!" बायकोने कपाळाला हात लावला.

चेंडू मागून रमतगमत आला आणि खुर्च्यांच्या वीतभर अलीकडे थांबला.

"मुद्दाम हळू मारला त्येनं," दिनू घाईघाईने म्हणाला. "जावयाचा मान हाय न्हवं!"

जावयांनी चेंडूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पायाच्या अंगठ्याने चेंडू अलगद आत ढकलला.

"गोल!"

किती गुणी पोरगा! माझी अब्रू राखली! गहिवरून मी मिठी मारायला धावलो, तर ते एकटेच उड्या मारत होते.

"बाबा, मी कायम गोलकीपर. गोल करायची संधीच कधी मिळाली नाही. हा माझा पहिला!"

बबन आणि दिनूने त्यांना खांद्यावर घेतलं. बायकोने त्यांच्या तोंडात साखर घातली. चाळीस वर्षांनी आमच्या टीमने गोल साजरा केला आणि मी, नेहमीसारखा, बाजूला उभा राहून टाळ्या वाजवल्या.