न चालवता केलेली एक सही

श्री. वसंतराव सोनावणे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे काका, यांची माझी पहिली भेट ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये झाली. ते तिथे हेड मेकॅनिक होते. मी डिप्लोमा करून नुकताच लागलो होतो आणि शर्टाच्या खिशात दोन पेने लावून फिरत होतो. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते, अशी तक्रार घेऊन एक गाडी आली होती. मी ती न पाहताच 'डिस्क वाकडी झाली, बदला' असे सांगून मोकळा झालो.

काकांनी मला शेजारी बसवून गाडी घोडबंदर रोडला नेली, उतारावर ब्रेक दाबला आणि काय हलले ते विचारले. मी म्हणालो, गाडी.

"गाडी तर हलणारच. स्टिअरिंग हललं तर पुढची चाकं बघायची, सीट हलली तर मागची. आता नीट लक्ष दे आणि परत सांग."

परत आल्यावर त्यांनी चाक उतरवले, डिस्क काढली आणि ती ज्या हबवर बसते त्यावरचा गंजाचा पातळ पापुद्रा मला दाखवला. गंजाच्या कणाएवढी जरी डिस्क तिरकी बसली तरी फिरताना ती ब्रेकच्या पॅडला एकाच जागी चाटत राहते, दोन-तीन महिन्यांत तिथे झिजते आणि मग थरथर सुरू होते. काकांनी हब तारेच्या ब्रशने घासला, डिस्क लेथवर हलकीशी साफ करून घेतली, बसवल्यावर डायल गेज लावून काटा हलत नाही याची खात्री केली. चाकाचे नट एअर गनने नाही, जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने, समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. मग पुन्हा स्वतः गाडी चालवून आले आणि तेव्हाच जॉब कार्डवर सही केली. चालवल्याशिवाय सही नाही, हा त्यांचा नेम होता.

हा लेख काकांच्या गौरवग्रंथासाठी आहे, आणि गौरवग्रंथातला माणूस नेहमी मितभाषी आणि मृदू असतो. काका तसे नाहीत. ते रागीट आहेत आणि चुकलेल्याला चारचौघांत झापतात. पण माझे वडील इस्पितळात होते तेव्हा आठ दिवस रोज दोन डबे आणणारेही तेच. डोंबिवलीच्या एका नर्सबाईंना दुसरीकडे दोन्ही डिस्क बदलायला सांगितले होते. काकांनी त्याच डिस्क साफ करून त्यांना घरी पाठवले. वरच्या साहेबांना हे रुचत नसे, कारण त्यांना पार्ट खपायला हवे होते. काकांवर त्यांचा डोळा होता आणि ते आम्हा सर्वांना ठाऊक होते.

माझ्या नोकरीच्या सहाव्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ज्याला त्याला पूजेसाठी गाडी हवी होती. डोंबिवलीच्या एका शिक्षकांच्या गाडीला मी नव्या डिस्क बसवल्या. हब घासला नाही. नट गनने आवळले. काकांच्या मागे ट्रायलसाठी तीन गाड्या उभ्या होत्या. त्यांनी जाता जाता विचारले, "हब घासलास?" मी हो म्हणालो. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि कार्डावर सही केली. न चालवता केलेली त्यांची माझ्या माहितीतली ती एकच सही.

तीन महिन्यांनी ते शिक्षक आईला घेऊन कसारा घाट उतरत होते. ब्रेक दाबताच स्टिअरिंग असे थरथरले की घाबरून त्यांनी गाडी कठड्याला घातली. म्हातारीचे मनगट मोडले. चौकशी बसली. कार्डावर काकांची सही होती. चालवून पाहिली होती का, असे साहेबांनी विचारले, काका नाही म्हणाले, आणि साहेबांना हवे होते ते मिळाले. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. मी त्याच खोलीत भिंतीला टेकून उभा होतो, खिशात दोन पेने लावून. तोंडातून शब्द काढला नाही. पुढे त्यांची जागा मला मिळाली.

काकांनी डोंबिवलीजवळ कोपरला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज काढले. या ग्रंथातल्या परिचयात 'स्वेच्छानिवृत्ती' असे छापले आहे आणि मलपृष्ठावर त्याच सर्व्हिस सेंटरच्या शुभेच्छा आहेत. समितीने मला छान लिहायला सांगितले होते. मी खरे लिहितो आहे: काकांना काढले, आणि चूक माझी होती.

गेल्या महिन्यात ग्रंथासाठी फोटो आणायला मी कोपरला गेलो, तेव्हा सतरा वर्षांनी त्यांना हे सांगितले. ते चहा ओतत राहिले.

"ती गाडी परत आली तेव्हा चाक मीच उतरवलं. हबवर गंज तसाच होता. मला तेव्हाच कळलं."

मग साहेबांना का सांगितले नाही, असे मी विचारले.

"काय सांगू? माझ्या हाताखाली सहा वर्षं शिकलेला माणूस गंज ठेवतो, हे? मला तुझी दया नाय आली, अभय. मला माझी लाज वाटली."

त्यांनी चौकशीत माझे नाव घेतले नाही हा माझ्यावरचा सर्वांत मोठा उपकार, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. या लेखाचा शेवटही त्यावरच करायचा होता. आता ते बोलायला तोंड राहिले नाही.

काकांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांच्या हाताची पारख अनेक वर्षे गाड्यांना आणि माणसांना मिळत राहो, एवढेच मागणे उरते. या लेखाचा खर्डा मी त्यांना वाचून दाखवला आणि मजकूर खरा आहे म्हणून खाली सही मागितली. त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला.

"आधी छापून येऊ दे," ते म्हणाले. "तुझ्या कामावर मी बघितल्याशिवाय सही करत नाय."