आधीचंच कार्ड

कॉम्प्युटरच्या डब्यावर बोटाने टकटक करून आमचे शेजारी फोटोवाले म्हणायचे, "उठला त्यो. आता दुसरा बसतोय, बरं का." मग कार्ड रीडरची वायर उपसायची, जरा थांबून पुन्हा खोचायची आणि तेव्हा कुठे नवं मेमरी कार्ड आत जायचं. पौडच्या बाजारात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ. आम्ही चिडवायचो, "पंगत उठवताय काय?" ते न हसता सांगायचे, "त्याला दिसत न्हाई. सांगावं लागतंय."

आणि ते खरंच होतं. तुमच्या-आमच्याकडचे रीडर कार्ड बदललं की लगेच कॉम्प्युटरला कळवतात. त्यांचा जुनाट रीडर मुका होता. वायर तशीच ठेवून कार्ड बदललं, तर कॉम्प्युटरला वाटे आधीचंच आहे. पडद्यावर आधीचेच फोटो दिसत राहत, आणि पुसायचा हुकूम दिला की पुसलं जाई ते आत बसलेलं नवं कार्ड. दुसरा रीडर घ्या म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "माणूस सावध पायजे." चिकटपणा होताच, वर थोडी घमेंडही होती.

एका लग्नसराईत माले गावाहून नवरा-बायको आले. मजुरी करणारी माणसं. त्यांची तरणी लेक साप चावून गेली होती. बाईने पदराची गाठ सोडून लेकीच्या मोबाइलमधलं कार्ड दिलं. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. तिचे मोठेपणीचे फोटो त्या कार्डात होते तेवढेच.

फोटोवाल्यांनी आतलं, फोटो उतरवून झालेलं लग्नाचं कार्ड काढून हे घातलं. तेवढ्यात दारात नवरदेवाची माणसं ओरडायला लागली, "आमचं कार्ड रिकामं करून द्या, वरात निघतीय!" त्या गडबडीत वायर उपसायची राहिली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे नवरा-नवरी दिसत होते, म्हणजे लग्नाचंच कार्ड आत आहे असं धरून सगळं पुसून टाकलं. कार्ड बाहेर काढून हातात उलटं केलं, तर लेकीचं निघालं, आणि ते स्टुलावर बसले ते उठेचनात.

पुढे बावधनच्या एका जाणकाराकडून खटपट करून एकच फोटो निघाला. केस, कपाळ, डोळे. नाकाखाली नुसता राखाडी पट्टा. तो घेऊन ते स्वतः मालेला गेले. मी सोबत होतो. त्यांनी झालं ते सगळं सांगितलं. बाप बाहेर निघून गेला. आईने फोटो घेतला, म्हणाली, "कपाळ तिचंच हाय."

त्यानंतर त्यांनी कॅमेरा धरला नाही. दिसेल त्याला एकच विचारायचे. मलाही विचारलं, "तुमच्याकडं झेरॉक्सला यायची ना ती? हनुवटी कशी व्हती?" मला आठवेना. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही. कारण तिचे फोटो पडद्यावर आलेच नव्हते. जे पुसलं, ते त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

गेल्या थंडीत ते वारले. त्याआधी मी त्यांना पुन्हा एकदा मालेला नेलं होतं. तिथेही त्यांनी तेच विचारलं. मुलीच्या आईने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि ती त्यांच्यासमोर उजेडात येऊन बसली.

"माझ्याकडं बघा की, दादा. माझ्यावरच गेली व्हती."

ती बराच वेळ तशीच बसून राहिली. त्यांनी मान वर केली नाही.