सुरतेचा बस्ता आणि न दिसणारा चंद्र

आमच्या रनाळे गावात अजूनही सांगतात की माझ्या व्याख्यानापायी व्याह्यांची जीप समुद्रात बुडाली. हे सपशेल खोटे आहे. एक तर जीप बुडाली नाही; पाणी फक्त आसनापर्यंत आले होते. शिवाय मी व्याख्यान दिले नव्हते, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. हयातभर भूगोल शिकवलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा आणि उत्तर लांबले की गावभर बोभाटा करायचा, हा कुठला न्याय?

घडले ते असे. आमच्या नातीचे लग्न आठवड्यावर आले होते. ‘आमची’ म्हणजे माझ्या मुलीची मुलगी आणि व्याह्यांच्या मुलाची. दोन्ही आजोबांचा जीव तिच्यात सारखाच अडकलेला. नंदुरबारकडची माणसे लग्नाचा बस्ता बांधायला सुरतेला जातात, तसे आम्ही चौघे गेलो: मी, व्याही, मुलगी आणि नवरी. नवरीने दुकानदाराला घाम फोडून एक शालू निवडला. तसा दुसरा दुकानात नव्हता. सगळा बस्ता जीपमध्ये रचल्यावर व्याह्यांना समुद्र पाहण्याची हुक्की आली.

व्याही तापीकाठचे केळीवाले शेतकरी. नदी त्यांना तळहातासारखी ठाऊक. नदीच्या ओल्या वाळूत ट्रॅक्टर घालणे त्यांना अंगणात खाट टाकण्याइतके सहज. वर पाऊस नाही, धरणाचे दरवाजे बंद, म्हणजे पाणी वाढणार नाही, हा त्यांचा जन्माचा हिशेब. तो हिशेब घेऊनच त्यांनी जीप थेट ओल्या वाळूत नेऊन उभी केली. समुद्र तेव्हा दूर कुठेतरी चकाकत होता.

मी तत्क्षणी बजावले, “गाडी मागे घ्या. काल पौर्णिमा झाली. उधाणाची भरती येणार.”

व्याही हसले. “गुरुजी, वर पाऊस नही, धरणनं पाणी सोडेल नही. मंग पाणी कथाईन वाढी?”

“चंद्र ओढतो.”

त्यांनी कपाळावर हात धरून साऱ्या आकाशाची तपासणी केली. “चंद्र तर दिखतच नही! वढी कोण ऱ्हायना मंग?”

प्रश्न उत्तम होता. मी त्या वेळीही तसे म्हणालो होतो, पण हे कोणी सांगत नाही. चंद्र पायाखालच्या बाजूला असला तरी आपल्याकडे पाणी का फुगते, हे एका वाक्यात सांगता येत नाही. त्याच्या जवळच्या अंगाला ओढ जास्त, दूरच्या अंगाला कमी, आणि या ताणाने पृथ्वीचे पाणी दोन्ही अंगांना फुगते. परंतु ज्याला चंद्र आपला कोण लागतो हेच माहीत नाही, त्याला ओढ कशी पटावी? म्हणून मला मुळापासून सुरुवात करावी लागली.

मी सांगितले की साडेचार अब्ज वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोळा कोवळ्या पृथ्वीवर आदळला असावा. त्या धडकेत वितळलेला खडक आकाशात उधळला, पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि त्यातून चंद्र जमला.

“तुम्ही तथे व्हतात का?” व्याह्यांनी विचारले.

“नव्हतो. पण चंद्रावरचे दगड आणून लोकांनी तपासले आहेत.”

“दगडसनी सांगं?”

“दगड माणसांपेक्षा खरे बोलतात!”

मुलीचे म्हणणे असे की या वाक्याच्या वेळी पाणी चाकाला लागले होते. माझ्या मते ते थोडे नंतर लागले. तेव्हा मी, पूर्वी चंद्र जवळ होता, दिवस आखूड होता, भरतीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावत गेली, इथवर आलो होतो. एवढ्यात नवरी माझ्यावर किंचाळली, “नाना, चंद्र कसा व्हयना ते मंग सांगा! मन्हा शालू!”

व्याह्यांनी जीप सुरू केली. चाके जागच्या जागी फिरली आणि रुतली. किनाऱ्यावरचा एक भला गुजराती माणूस ट्रॅक्टर आणायला धावला. तोवर गुडघाभर पाण्यातून शालूची पेटी डोक्यावर घेऊन बाहेर कोण आले? मी. बाकीचा बस्ता मुलगी आणि नवरी उचलून नेत होत्या; व्याही त्या वेळी चाकांना शिव्या घालत होते. मी पेटीखालूनही बोलत होतो, हा मुलीचा आरोप मला मान्य आहे. चंद्र दरवर्षी नख वाढावे तितक्या गतीने आपल्यापासून दूर सरकतो, एवढेच सांगायचे राहिले होते. विषय अर्धवट सोडणे माझ्या स्वभावात नाही.

कोरड्या वाळूवर पेटी उघडली. नवरीने घडी सोडवली, पदरापासून काठापर्यंत हात फिरवला. शालू कोरडा ठणठणीत. तिच्या डोळ्यांत मात्र भरती आली होती.

ट्रॅक्टरने ओढून काढलेल्या जीपमध्ये तळाशी व्याह्यांचा नवाकोरा फेटा सापडला, चिंब. त्यांनी तो पिळला, बोटाला लागलेले पाणी चाखले आणि थुंकले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “गुरुजी, आते हाई पाणी माघारे कव्हय जाई?”

पाणी केव्हा ओसरेल हे मला विचारणे म्हणजे चंद्राची सत्ता मान्य करणे होय. व्याही ते नाकारतात. वेळ जावा म्हणून विचारले, असे सांगतात. मी उत्तराला तोंड उघडले, तोच मुलीने आम्हा दोघांना ओल्या आसनावर बसवले आणि जीपचे दार धाडकन लावले.