जुन्या चेकबुकाचं पंधरावं पान

टोपणनाव माणसाला गोचिडासारखं चिकटतं. याला चिकटलं होतं ‘फणी’. तीस वर्षं त्यानं बँकेत एकाच टेबलावर काढली. कुणाचे आलेत ते कळत नाही, असे पैसे ज्या खात्यात ढकलतात ते सस्पेन्स खातं त्याच्याकडं. निवृत्त झाल्यावर धंदेवाल्यांवर कर्जाचे दावे लागले की त्या दाव्यांच्या हिशेबातल्या उवा काढायचं काम त्यानं धरलं. दारावर पाटी होती ‘फॉरेन्सिक अकाउंटंट’. निम्म्या गल्लीला वाटायचं, हा मेलेल्यांचे हिशेब करतो.

“मेलेल्यांचे बरे,” फणी म्हणायचा, “निदान खोटं तरी बोलत नाहीत.”

त्याच्या लेखी माणसं दोनच प्रकारची. न वाचता सही करणारी, आणि त्या सहीवर ढेरी वाढवणारी. थुंकायचा दोघांवरही सारखाच, फक्त पहिल्यांकडून फी घ्यायचा.

त्यातलीच एक खोकेवाली. पुठ्ठ्याची खोकी बनवायची. पत्र्याची शेड, एक प्रेस, चार बाया कामाला. नवरा होता, म्हणजे खुर्चीवर होता. धंदा बायकोच्या नावानं नवा करून दिला आणि स्वतः पेपर वाचायला मोकळा झाला. बाईनं फायनान्स कंपनीकडून वीस लाख उचलले होते. आता कंपनीनं दावा ठोकला होता एकोणतीस लाखांचा. तीन आठवड्यांनी सुनावणी. हरली की शेडसकट प्रेस लिलावात.

“काका, मी एकही हप्ता चुकवला नाही हो!”

“सगळे असंच म्हणतात. बँकेचे उतारे टाका इथं, आणि रडायचं असेल तर बाहेर बाक आहे.”

रडली नाही. उतारे टाकले. फणीनं पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचली. पहिले बारा हप्ते बाईच्या फर्मच्या खात्यातून, बिनबोभाट जमा. पुढचे चौदा भलत्याच खात्यातून.

“हे कुणाचं खातं?”

“ह्यांच्या जुन्या फर्मचं. चेकबुकात पंधरा पानं कोरी पडली होती. म्हटलं वाया कशाला घालवायची? पैसे त्यात भरायचे, सही ह्यांची घ्यायची.”

फणीनं चष्मा काढला. “बाई, पंधरा कागद वाचवायला तुम्ही शेड लावलीत पणाला. कर्ज एका नावावर, चेक दुसऱ्याच नावाचे. मागं कर्जाचा नंबर तरी लिहिलात का?”

“वसुलीवाला म्हणायचा, पैसे आले ना, मग झालं. हप्ता थकल्याच्या नोटिसा आपोआप निघतात, म्हणे.”

“तो असंच म्हणणार. त्याच्या बापाची शेड आहे होय?”

कंपनीच्या वकिलानं कोर्टात आधीच लिहून दिलं होतं, की ते चौदा चेक दुसऱ्याच फर्मचे, आमच्या कर्जदाराचे नव्हेत. बाईचे वकील त्यावर मान खाली घालून बसले होते. फणीला मात्र हे वाक्य वाचून हसू फुटलं. गाढवानं आपणहून उकिरडा दाखवला होता. त्यानं वकिलाकडून एकच अर्ज करवला: कंपनीनं आपलं सस्पेन्स खातं कोर्टापुढं ठेवावं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी कंपनीचा मॅनेजर शेडवर हजर. टाय एवढा आवळलेला, की मुंडकं वर उरलंय हेच नवल.

“मॅडम, माणुसकी म्हणून तेवीसमध्ये मिटवू.”

बाई डळमळली. नवरा खुर्चीवरून म्हणाला, “घे मिटवून, कटकट नको.” बाईनं फणीला फोन लावला.

“काल एकोणतीस, आज तेवीस,” फणी म्हणाला. “माणुसकी एका रात्रीत सहा लाखांनी वाढत नसते. चहासुद्धा देऊ नका त्याला.”

दिला नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात न्यायाधीश बाईंच्या परवानगीनं फणीनं मॅनेजरला विचारलं, “ते चेक दुसऱ्या फर्मचे. बरं. त्या फर्मनं तुमच्याकडून कर्ज घेतलंय?”

“नाही.”

“मग चौदा महिने ती तुम्हाला पैसे का देत होती? तुमचा टाय आवडला म्हणून?”

न्यायाधीश बाईंनी पेन आपटलं. “हिशेबाचं बोला.”

“तेच बोलतोय. बासष्ट हजारांचे चौदा चेक, आठ लाख अडुसष्ट हजार. आले ते सस्पेन्स खात्यात. तिथं पडले असताना या खोकेवाल्या बाईंवर दंड, दंडावर व्याज, व्याजावर पुन्हा दंड. आणि वर्ष संपताना,” कंपनीनं हजर केलेल्या सस्पेन्स खात्याच्या पानावर त्यानं बोट ठेवलं, “सगळे ‘इतर उत्पन्न’ म्हणून कंपनीनं गिळले. म्हैस बाईंची, दूध यांनी काढलं, आणि वर दूध दिलं नाही म्हणून म्हशीचाच लिलाव.”

मॅनेजर म्हणाला, “कॉम्प्युटरला नाव जुळलं नाही.”

“पैसे गिळताना जुळलं का?”

मॅनेजरनं टायची गाठ सैल केली.

चौदा हप्ते जमा धरले गेले, दंड उडाला. उरले सव्वाअकरा लाख, तेही ठरलेल्या हप्त्यांनी. प्रेस जागची हलली नाही.

आठवड्यानं बाई फी द्यायला आली. नवराही सोबत, जसं काही त्यानंच लढाई मारली. बाईनं घडी घातलेला चेक दोन्ही हातांनी पुढं केला. “काका, तुमचे उपकार...”

फणीनं घडी उलगडली. नवऱ्याची सही. जुन्या फर्मचं नाव. चेकबुकातलं पंधरावं पान.

“एकच उरलं होतं,” बाई चाचरत म्हणाली.

फणीनं चेक टराटरा फाडला, तुकडे नवऱ्याच्या मुठीत कोंबले आणि दाराकडं बोट केलं.

“रोख आणा. आणि पावती कुणाच्या नावानं हवी, ते आधी घरी दोघं मिळून ठरवा.”