शिक्का मारलेल्या नोट्स

माझा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. नातेपुत्याकडची एक मुलगी पहिल्या वर्षाला होती. तिला दिसत नाही. फोन मजकूर मोठ्यानं वाचतो, ती ऐकून अभ्यास करते. घरी मेंढरं. सगळ्या विषयांत पास झालीस तरच होस्टेल, असं घरून बजावलेलं.

परीक्षेला आठवडा उरला असताना ती स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, अर्थशास्त्राच्या नोट्स फोन वाचतच न्हाय." तिनं फोन माझ्या कानाशी धरला. "इमेज. पान दोन. इमेज." बस्स.

नोट्स कॉम्प्युटरवरच टाइप केलेल्या. पण आमच्याकडे शिक्का नसलेला कागद म्हणजे कागदच नव्हे. म्हणून अर्थशास्त्राचे विभागप्रमुख सर त्या छापून घेतात, पानापानावर सही-शिक्का मारतात आणि मग स्कॅन करून वेबसाइटवर चढवतात. उरतो नुसता फोटो. फोन त्यातलं काय वाचणार, कपाळ?

मी सरांकडे गेले. ऑनलाइन साहित्य कुठल्याही फोनवर उघडलं पाहिजे, वाचून दाखवता आलं पाहिजे, हा नियम त्यांच्यापुढे ठेवला. "अहो, उद्या तपासणीला कमिटी आली तर? आणि मैत्रीण वाचून दाखवेल की!" मैत्रिणीला स्वतःचे पेपर नाहीत का? दोन दिवसांनी त्यांनी त्याच पानांचे नवे, रंगीत स्कॅन चढवले. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मूळ फाइल मागितली तर क्लार्क म्हणाला, छापून झाल्यावर ती ठेवतो कशाला?

मग मीच टाइप करत बसले. निम्म्या नोट्स झाल्या आणि पेपर आला. तेवढ्या एका विषयात ती नापास झाली. सर चहा ढवळत म्हणाले, "अशा मुलींना झेपत नाही हो. आपण तरी किती करणार?" मी कप आपटला. पुढे काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही, पण त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

तिचा भाऊ न्यायला आला. बॅग त्याच्याकडे देऊन ती माझ्याकडे वळली. "मॅडम, घरी बसून परत परीक्षा देते की. तवा तरी फोन वाचंल न्हवं?"