पाड्याच्या चढाला टॉप मॉडेल

आमच्या संस्थेच्या कमिटीत एकालाही गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे गाडी कोणती घ्यायची यावर प्रत्येकाचं मत ठाम होतं. संस्था नाशिकची, दवाखाना सुरगाण्याकडच्या डोंगरात, आणि मी त्या दवाखान्यातली डॉक्टर. कमिटीची माणसं वर्षातून दोनदा वर यायची, एकदा झेंडावंदनाला आणि एकदा आंब्यांना. एरवी सगळा कारभार उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा नाशकातून चालायचा.

दवाखान्याकडे लष्कराच्या लिलावातून आलेली एक जुनी जीप होती. तिला छप्पर होतं असं म्हणायचं, आणि थंडीत ती धक्का मारल्याशिवाय सुरू व्हायची नाही. पण गिअरशेजारी एक छोटा दांडा होता. तो ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढची चाकंही जोर लावायची आणि ओल्या लाल मातीच्या चढावर ती जीप कुरकुरत का होईना, चढायची. मी स्वतः ती चालवली आहे, म्हणून सांगते. तिचा दोष एकच होता, अडलेल्या बाईला तिच्यात सरळ झोपवता येत नसे.

ओढ्यापलीकडच्या पाड्यांवरून अडलेल्या बायका यायच्या त्या डोलीतून. बांबूला घोंगडी बांधायची, बाईला आत बसवायचं आणि चौघांनी आळीपाळीने खांदा द्यायचा. पावसाळ्यात अर्धा दिवस त्यातच जायचा. म्हणून नव्या गाडीसाठी देणगी आली तेव्हा मी मागणी साधी ठेवली. दोन ओळी सीटांची पिकअप हवी, मागच्या हौद्यावर टप हवा, आणि चारही चाकांना जोर देणारी, म्हणजे फोर बाय फोर हवी. बाकी काही नसलं तरी चालेल, असं मी लेखी दिलं होतं. ते कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशकात द्वारका चौकाच्या पुढे, हायवेला लागून नवी नवी शोरूम उघडत होती. आम्ही गेलो त्या शोरूममध्ये आत शिरताना चपला काढायच्या का, असं आमच्या अध्यक्षांनी खरंच विचारलं, इतकी फरशी चकचकीत. अध्यक्ष म्हणजे मेनरोडवरचे कापडाचे मोठे व्यापारी. माणूस वाईट नव्हता, देताना हात आखडता घेत नसे. पण आयुष्यभर पोत हाताने चोळून पाहिल्याशिवाय ज्यांनी कापड घेतलं नाही, त्यांनी गाडी मात्र नुसती रंग पाहून घेतली, हे मला आजवर कळलेलं नाही.

टाय लावलेल्या सेल्समनने आमच्यापुढे गुळगुळीत माहितीपत्रक उलगडलं. एकाच गाडीचे तीन प्रकार. साध्याला रेक्झिनच्या सीटा आणि काळा बंपर. मधल्याला एसी, जाडजूड खाचांचे टायर आणि फोर बाय फोर. टॉपला चकाकती अलॉय व्हील्स, गुळगुळीत रुंद टायर, पुढे क्रोमचा गार्ड, दोन्ही बाजूंना पाय ठेवून चढायला क्रोमच्या फूटस्टेप, गाणी वाजवायला सहा स्पीकर, आणि दारावर डोंगराचं चित्र. फोर बाय फोरच्या ओळीत टॉपखाली फुली होती. मी त्या फुलीवर बोट ठेवलं.

“अहो मॅडम, टॉपमध्ये नसेल असं कसं होईल?” अध्यक्ष म्हणाले. “राइस प्लेटमधलं सगळं फुल थाळीत असतंच की!”

कमिटी हसली. आपल्याकडे टॉप मॉडेल या शब्दापुढे अक्कल चालत नाही. टॉप म्हणजे खालचं सगळं अधिक वरचं काहीतरी, हा हिशेब लोकांच्या डोक्यात इतका पक्का बसलेला असतो, की छापील फुलीसुद्धा त्यांना छापखान्याची चूक वाटते. मी सेल्समनला सरळ विचारलं की या गाडीची पुढची चाकं ओढतात का. त्याने माझ्याकडे न बघता अध्यक्षांकडे बघून उत्तर दिलं, “सर, याला कंप्लीट ऑफरोड लुक आहे.”

“बघा, ऑफरोड आहे,” अध्यक्ष म्हणाले. लुक हा शब्द त्यांनी सुपारीसारखा गिळून टाकला.

मग त्याने आम्हाला ऑफरोड टेस्टही दिली. पाथर्डी फाट्याच्या पुढे कुणाच्या तरी बांधकामाच्या प्लॉटवर मुरुमाचा ढीग होता. चांगला कोरडा, उन्हात तापलेला. त्यावर त्याने गाडी चढवली आणि पलीकडे उतरवली. मागे बसलेले आमचे कार्यवाह, निवृत्त प्राध्यापक, वरची कडी घट्ट धरून “कमाल आहे, कमाल आहे” म्हणत होते. मी म्हटलं, पावसात चिखलाच्या चढावर नेऊ या. सेल्समन म्हणाला, मॅडम, गाडी खराब होईल. डोंगरात जायच्या गाडीबद्दल हे ऐकूनही कुणाला काही खटकलं नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, एवढं म्हणून मी गप्प बसले. ते मनात नव्हतं, चांगलं मोठ्याने होतं.

जुनी जीप तरी राहू द्या, म्हणून मी हट्ट धरला. पण शोरूमवाले जुनी गाडी घेऊन वर काहीबाही फुकट देत होते. जीप गेली आणि तिच्या बदल्यात कॅसेटऐवजी सीडी वाजवणारा टेप आणि संगीतमय हॉर्न मिळाला. दवाखान्याचा ड्रायव्हर सर्वांत खूश. त्याला त्या जीपची लाज वाटायची.

गाडी आधी वणीला देवीच्या दर्शनाला गेली, मग कमिटीतल्या एका लग्नाला, आणि मग उरलीसुरली आमच्याकडे आली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सीटांवर कंपनीचं प्लॅस्टिक. ते काढायचं नाही, असा अध्यक्षांचा आदेश होता. लोकार्पणाचा सोहळा झाला. ओढ्यापलीकडच्या पाड्यावरून माणसं मुद्दाम बोलावली होती आणि येताना एक डोलीही आणायला सांगितली होती. अध्यक्षांनी त्या डोलीला हार घातला आणि माईकवरून जाहीर केलं, “आजपासून डोली बंद! आता कुणी खांद्यावरून यायचं नाही. गाडी तुमच्या दारात येईल.” टाळ्या झाल्या. नंतर ती डोली संस्थेच्या ऑफिसात शोभेला ठेवायची म्हणून याच गाडीतून नाशिकला गेली. मला तेव्हा हसू आलं होतं, तेही रागाचं.

पुढे आषाढात एका सकाळी त्याच पाड्यावरचा एक तरुण भिजत खाली आला. त्याच्या बायकोच्या कळा पहाटेपासून थांबून थांबून येत होत्या. पहिलंच बाळंतपण. सुईणीने हात टेकले होते. मी बॅग उचलली, ड्रायव्हरला उठवलं, त्या तरुणाला प्लॅस्टिकच्या सीटवर बसवलं आणि निघाले.

ओढ्यावरच्या फरशी पुलापर्यंत ठीक गेलो. तिथून चढ सुरू होतो. पिकअप मागे रिकामी असली की तिची मागची चाकं हलकी पडतात, आणि आमच्या गाडीला जोर होता तो फक्त त्याच चाकांना. गुळगुळीत टायर चिखलात नुसते गरगर फिरत होते. गाडी थोडी चढायची आणि सरकून खाली यायची. मी आणि तो तरुण मागून ढकलत होतो, चिखलाने माखलो होतो. ड्रायव्हरने एकदा जोर करून बाजूने काढायला बघितली तर ती क्रोमची फूटस्टेप दगडावर जाऊन बसली. गाडी तिथे जी अडकली ती अडकलीच. मी बॅग घेऊन पायी निघाले.

मागून ड्रायव्हरने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. तो संगीतमय हॉर्न. डोंगरात आवाज लांब जातो. वरच्या लोकांना कळावं, आपण आलोय म्हणून, असं त्याने नंतर सांगितलं. त्याला तरी काय बोलणार? त्याने अगदी मनापासून वाजवला.

मी धापा टाकत वर पोचले तेव्हा झोपडीबाहेर नवा बांबू होता, घोंगडी बांधून तयार. चार माणसं शेजारी उभी होती. मी ओरडले, “अरे, अजून निघाला का नाहीत? वाटेत भेटलो असतो!”

त्या बाईची सासू दारात होती. ती म्हणाली, “निंगतच व्हतो, बाई. खाली हारन वाजला. गाडी आली म्हनून थांबलो.”

ते डोली खांद्यावर घेत असताना हॉर्न वाजला होता, आणि त्यांनी ती खाली ठेवली होती. गाडी दारात येईल, असं माईकवरून सांगितलेलं होतं. त्या लोकांना दिलेला शब्द खरा मानायची खोड आहे.

बाई वाचली. मुलगा होता. तो रडला नाही. मी जे जे करता येईल ते केलं आणि मग त्याला पुसून तिच्या सासूच्या हातात दिलं. वेळेवर टेबलावर आली असती तर तो रडला असता, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते.

संध्याकाळी रेंज मिळेपर्यंत टेकडीवर चढून मी अध्यक्षांना फोन केला. गाडी चढावर अडकली, एवढं वाक्य मी पुरं केलं असेल.

“अरे बापरे! गाडीला काही लागलं नाही ना?”

मी सांगितलं काय झालं ते.  ते म्हणाले, “पण मॅडम, आपण तर टॉप मॉडेल घेतलं होतं.” त्यात बनेलपणा नव्हता, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मला मात्र त्यांची दया आली नाही. पुढच्या मीटिंगमध्ये कार्यवाहांनी ड्रायव्हरला प्रशिक्षण देण्याचा ठराव मांडला, तो एकमताने पास झाला आणि वर बटाटेवडे आले. माझा वडा मी तसाच ठेवून उठले. महिन्याभराने गाडी कमिटीच्या कामाला नाशिकला गेली आणि फूटस्टेप नव्या बसवून घेतल्यावर पुन्हा झळाळली.

दोन वर्षांनी, पुन्हा पावसाळ्यातच, ती बाई दवाखान्याच्या ओट्यावर बसलेली दिसली. पोट खाली उतरलेलं, शेजारी गाठोडं, तांदूळ आणि एक पातेलं. दिवस भरायला अजून अवकाश होता. कळा सुरू होईपर्यंत ती इथेच पडवीत राहून स्वतःचं रांधून खाणार होती. तोवर आमच्याकडे दुसरी गाडी आली होती, जुनीच, पण चारही चाकांनी ओढणारी. अशा अवस्थेत तो चढ उतरून आली म्हणून मी तिच्यावर चिडले. म्हटलं, “अगं, निरोप द्यायचास! गाडी पाठवली असती.”

तिने गाठोडं आणखी जवळ ओढलं.

“नको बाई,” ती म्हणाली. “गाडी येती म्हनलं का आमी थांबतो.”